पणजी कळते ती चढणीवर

1563 मध्ये गोव्यात छापलेल्या एका पुस्तकात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींची माहिती संवादाच्या रूपात मांडली. एका बाजूला तो स्वतः, दुसऱ्या बाजूला रुआनो नावाचा कल्पित वैद्य. रुआनोने शंका काढायच्या आणि ओर्ताने त्यांना उत्तर देत आपलं म्हणणं तपासून घ्यायचं, अशी त्या पुस्तकाची रीत. पणजीतल्या जुन्या नगरोद्यानाला आज याच ओर्ताचं नाव आहे. पणजी पायी पाहण्याविषयी लिहिताना तीच रीत घ्यावीशी वाटली. इथे शंका काढणारा वैद्य नाही, इंदापूर तालुक्यातल्या बावड्याचे ऊस पिकवणारे एक शेतकरी आहेत. त्यांना तात्या म्हणू. त्यांच्याशी बोलते ती त्यांची पुतणी. दोघंही कल्पित आहेत. पुतणीची बाजू माझी आहे. तात्यांच्या शंका मात्र मी मुद्दाम दुबळ्या केलेल्या नाहीत, कारण त्या खऱ्या आहेत आणि त्यातल्या एकीला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही.

तात्या : तुझं म्हणणं असं, की पणजी बघायची तर पायीच बघायला हवी, गाडीतून ती दिसते, पण कळत नाही. मला यात दोन गोष्टी खटकतात. शहर कळणं म्हणजे तिथला पैसा कुठून येतो, पाणी कुठून येतं, जमीन कुणाची आणि राबतं कोण, हे कळणं. यातलं काहीच भिंतीच्या रंगावर लिहिलेलं नसतं. फोंतेन्हास या जुन्या वस्तीच्या गल्लीत पिवळं घर, निळं घर, लाल घर बघत फिरलेला माणूस संध्याकाळी पणजीबद्दल सकाळपेक्षा जास्त काय सांगू शकतो? मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटींचा पैसा त्या गल्लीत दिसत नाही. खाणी बंद झाल्या आणि खनिजाचे बार्ज थांबले, तेव्हा कुणाचं घर अडचणीत आलं तेही दिसत नाही. दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. चालल्यानं जागा कळते, हेच मुळात खरं आहे का? आषाढी वारीत तुकोबांची पालखी इंदापूरहून निघून बावड्यावरून सराटीला जाते. लाखो माणसं आपल्या गावातून पायी जातात. त्यांना बावडा कळतो का? टेलच्या शेताला पाटाचं आवर्तन वेळेवर मिळतं की नाही, उसाचं बिल कधी जमा होतं, कुणाची विहीर आटली, यातलं त्यांना काही ठाऊक नसतं. मग पायांना एवढं मोठेपण कशासाठी द्यायचं?

पुतणी : दुसरी शंका आधी घेते, कारण ती सुटली तर पहिली सोपी होईल. वारकऱ्याला बावड्याचं अर्थकारण कळत नाही, हे मान्य. पण देहूहून निघालेल्या माणसाला एक गोष्ट अशी कळते, जी त्याच रस्त्यानं मोटारीत गेलेल्याला कळत नाही. पाटस सोडल्यावर रोटी घाटाची चढण लागते आणि ती संपते तिथं भीमेचं खोरं मागं पडून माणूस कऱ्हा-नीरेच्या बाजूला उतरतो. पुढं सराटीला नीरा लागते. तिथं पादुकांना स्नान होतं आणि नदी ओलांडली की जिल्हा बदलतो. पाणी कुणीकडे वाहतं आणि जमीन कुठं उंचावते, हे त्याच्या पिंडऱ्यांना समजलेलं असतं. आता त्याच मार्गावर चौपदरी पालखी महामार्ग झाला आहे. गाडीला रोटी घाट जाणवतही नाही. पायांना कळतं ते, तात्या, एवढंच : चढ, उतार आणि पाणी. बाकीचं विचारून, वाचून, राहून कळवून घ्यावं लागतं. पण आपल्या सपाट काळ्या रानात चढ-उतार हा गोष्टीचा छोटा भाग असतो. पणजीत तीच सगळी गोष्ट आहे. एक जांभ्याची टेकडी, तिच्या पायथ्याला दोन खाड्या आणि समोर मांडवी, एवढ्यावर ते शहर उभं राहिलं. ज्या शहराला उंची आणि पाणी यांनी घडवलं, ते शहर उंची आणि पाणी मोजणाऱ्या साधनानंच समजणार. ते साधन म्हणजे पाय. कालव्याला गळती कुठं आहे हे पाटकऱ्याला काठानं चालत गेल्यावरच सापडतं, कार्यालयातल्या नकाशावर सापडत नाही. तसंच हे आहे.

तात्या : नकाशाला इतकं कमी लेखू नकोस. टेकडी कुठं आणि खाडी कुठं हे नकाशावर स्वच्छ दिसतं.

पुतणी : आजच्या नकाशावर आजची पणजी दिसते. ती कशी झाली ते दिसत नाही. आज जिथं सरळ, काटकोनी रस्ते आहेत, तिथं दलदल, वाळूचे ढीग, माडांची रानं आणि मिठागरं होती. राजधानी होती पलीकडे, जुन्या गोव्याला. तिथं साथींनी माणसं मरू लागली, वस्ती उठत गेली. 1759 मध्ये व्हाइसरॉय आदिलशहाच्या जुन्या वाड्यात, म्हणजे पणजीच्या नदीकाठावर राहायला आला. त्याआधी सव्वाशे वर्षं, 1633-34 मध्ये, लिन्यारिशच्या काउंटनं दलदलीतून तीन किलोमीटरच्या वर लांबीचा बांधरस्ता घालून पणजी रायबंदरला जोडली होती. पुढे 1827 ते 1835 या काळात दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रू या व्हाइसरॉयनं दलदलीत भर घातली, वाळूचे ढीग सपाट केले, रस्ते आखले, लष्करासाठी मोठ्या बराकी बांधल्या. 1843 मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. जुन्या गोव्यातल्या पडक्या इमारतींचा दगड नव्या बांधकामांना आला. टेकडीच्या उत्तर उतारावरच्या चर्चमधली मोठी घंटासुद्धा जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची आहे. आता बघा, हे सगळं मी तुम्हाला इथं बसून सांगू शकले, मग चालायचं कशाला? कारण या माहितीतून एक प्रश्न उरतो आणि त्याचं उत्तर जमिनीवरच मिळतं. भर घातलेली जमीन कुठं संपते आणि मूळची जमीन कुठं सुरू होते? नदीकाठावरून चर्चच्या चौकाकडे चाललं, की जमीन जवळजवळ सपाट राहते. मग एकदम, काही पावलांतच, ती उभी राहते. चर्चचा तो नागमोडी पांढरा जिना त्या सांध्यावरच आहे. गाडी तिथं चढू शकत नाही. ती वळसा घेऊन सौम्य चढाच्या रस्त्यानं आल्तिनोवर, म्हणजे त्या टेकडीवर जाते, त्यामुळे गाडीतल्या माणसाच्या हातून नेमका सांधाच निसटतो.

तात्या : आमच्या तालुक्यात याच्या उलट झालं. तुमच्या पणजीनं पाणी हटवून जमीन केली. भीमाकाठानं जमीन देऊन पाणी केलं. उजनीचं धरण 1980 मध्ये पुरं झालं आणि गावंच्या गावं बुडाली. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं. ते बघायला लोक होडीनं जातात, छायाचित्रं घेतात. पण कुणाची किती जमीन गेली, कुणाला पर्यायी जमीन कुठं मिळाली, हे त्या होडीतल्या माणसाला देवळाकडे बघून कळत नाही. म्हणून म्हणतो, डोळ्याला सुंदर दिसतं तिथं माणूस थांबतो आणि विचारायचं विसरतो. पणजीतही रंगाचं तेच होत असणार.

पुतणी : होतंच. आणि माझा भांडण्याचा मुद्दा बरोबर हाच आहे. फोंतेन्हासच्या एका गल्लीत गाडीनं उतरायचं, रंगीत भिंतीसमोर उभं राहायचं आणि परत गाडीत बसायचं, याला मी पायी बघणं म्हणतच नाही. ते तुमच्या होडीसारखंच झालं. पायी बघणं म्हणजे सलग चालणं. नदीच्या धक्क्यावरून चर्च, चर्चवरून आल्तिनो, आल्तिनोच्या माथ्यावरून मारुतीच्या देवळाच्या अंगानं मळा नावाच्या वस्तीत उतरणं, मळ्यातून फोंतेन्हास, आणि मग खाडीचा काठ. असं उतरत आलं की रंग शेवटी येतो, आणि येतो तेव्हा त्याला कारण असतं. जांभा दगड सच्छिद्र. पणजीवर वर्षाला सुमारे 3 हजार मिलीमीटर पाऊस पडतो, आपल्या इंदापुरात पाचशेच्या आसपास. तो पाऊस टेकडीचा जांभा पिऊन घेतो आणि पायथ्याला झऱ्यांच्या वाटेनं सोडतो. मळ्याजवळ फोंते फेनिक्सचा झरा आहे तो याच रीतीचा. त्या पाण्याच्या भरवशावर पायथ्याशी वस्ती झाली. अठराव्या शतकाच्या अखेरीला मोझांबिकहून परतलेल्या एका गोवेकरानं तिथं माडांची बाग केली. पुढे बागेच्या जागी गल्ल्या झाल्या. आता घरं बांधायची कशानं? त्याच जांभ्यानं. पाणी पिणारा दगड उघडा ठेवला तर चार महिन्यांत भिंत ओली, हिरवी, मग काळी. म्हणून चुन्याचा गिलावा, त्यावर चुन्याचा रंग. चुना ओल बाहेर जाऊ देतो, शेवाळाला रोखतो, पण पावसात झिजतो. म्हणून पावसाळा संपला की पुन्हा द्यावा लागतो. चुन्यात मिसळायला गेरू, पिवळी माती, नीळ सहज मिळणारी. पांढरा रंग चर्चसाठी राखलेला आणि घरांना रंग देणं बंधनकारक होतं, असं गोव्यात सांगतात. तेवढं सोडून दिलं तरी पाऊस आणि दगड मिळून त्या गल्लीला दरवर्षी रंगवायला लावतच होते. आज पुष्कळ ठिकाणी चुन्याऐवजी डब्यातला रंग लावतात. तो ओल आत कोंडतो. खाडीकाठच्या ओळीत भिंतीचा पायथा ओल धरतो आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. तुम्ही विचारलंत, संध्याकाळी तो माणूस काय जास्त सांगेल? टेकडी उतरून आलेला माणूस हे सांगू शकेल, की इथला रंग म्हणजे पावसाशी दरवर्षी करायची तडजोड आहे.

तात्या : हे पटण्यासारखं आहे. पण मग हे पणजीचंच वैशिष्ट्य कसं? कोकणात जांभा सगळीकडे, पाऊस सगळीकडे. आणि बंदर म्हणशील तर गोव्याचं खरं बंदर मुरगाव. रेल्वे तिथं, मोठी जहाजं तिथं. पणजीला बंदराचं शहर म्हणायचं ते कशाच्या जोरावर?

पुतणी : मोठ्या जहाजांचं बंदर मुरगावच, याबद्दल वाद नाही. पणजी नदीचं बंदर आहे आणि तिचं तोंड अजून पाण्याकडे आहे. बंदर कप्तानाचं कार्यालय नदीकाठावर आहे, फेरीबोट तिथूनच बेतीला जाते. लिस्बनहून आलेले खलाशी मांडवीत शिरले की टेकडीच्या उतारावरचं चर्च त्यांना समोर दिसे आणि सुखरूप पोचल्याचे आभार मानायला ते आधी तिथं जात. म्हणजे चर्चची जागा नदीवरून दिसावी अशी आहे. सेंट थॉमस वाड्यात टपाल कार्यालयाची इमारत पूर्वी तंबाखूच्या व्यापाराची होती, तिच्या शेजारी काही वर्षं टांकसाळ चालली. माल येतो तिथं जकात, तंबाखू आणि नाणं जवळजवळ येतात. हे सगळं काही मिनिटांच्या चालण्यात आहे. 1986 मध्ये मांडवीवरचा पूल कोसळला आणि 1992 मध्ये नवा होईपर्यंत पलीकडच्या बार्देशशी जाणं-येणं पुन्हा फेरीबोटींवर आलं. पुलावरून जाणाऱ्याला नदी अडथळ्यासारखी वाटते. धक्क्यावर उभं राहिलं की ती रस्ता होती हे समजतं. आणि हे फक्त पणजीचं आहे असं मी म्हणत नाही. चिलीमधलं वालपराइसो असंच आहे. समुद्रातून सरळ उठणाऱ्या टेकड्या, चढायला जिने, आणि 1883 पासून सुरू झालेले उतारावरचे पाळणे. तिथल्या घरांना पन्हळी पत्रे ठोकलेले असतात आणि खाऱ्या हवेत पत्रा गंजतो, म्हणून तो रंगवावाच लागतो. 1914 मध्ये पनामा कालवा उघडला, जहाजं तिकडून जाऊ लागली आणि बंदराची भरभराट ओसरली. रंग राहिले, कारण हवा तीच राहिली. 2003 मध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा म्हटलं. दोन्हीकडे रंग हा हवेला दिलेला जबाब आहे आणि दोन्हीकडे तो चढणीशी जोडूनच समजतो.

तात्या : आता जरा कडू बोलतो. या सगळ्या वर्णनात एक गोडवा आहे, तो मला नको वाटतो. पोर्तुगीज रस्ते, पोर्तुगीज खिडक्या, शिंपल्यांची तावदानं. चालणारा माणूस हे बघून हरखतो. पण याच राजवटीत देवळं पाडली गेली, इन्क्विझिशन या धर्मन्यायालयानं माणसांचे हाल केले. सुंदर गल्लीतून चालताना ते आठवतं का? मला वाटतं, पायी फिरणं माणसाला हळवं करतं आणि हळवा माणूस इतिहास विसरतो.

पुतणी : गल्लीत थांबलेला विसरेल. सलग चालणाऱ्याला विसरता येणार नाही, कारण टेकडीभोवती फिरताना ते एकामागून एक समोर येतं. फोंतेन्हासच्या सेंट सेबॅस्टियन चॅपेलमध्ये एक क्रूस आहे. त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. तो क्रूस मूळचा जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या वाड्यातला. इन्क्विझिशन 1560 पासून 1812 पर्यंत चाललं. ते बंद झाल्यावर क्रूस आदिलशहाच्या वाड्यात गेला आणि विसाव्या शतकात या लहानशा चॅपेलमध्ये आला. टेकडीच्या दुसऱ्या अंगाला महालक्ष्मीचं देऊळ आहे, 1818 मध्ये परवानगी मिळून उभं राहिलेलं. इन्क्विझिशन संपून सहा वर्षं झालेली. या दोन जागांमध्ये अंतर किती? टेकडी ओलांडायला लागतो तेवढा वेळ. इतिहासाच्या पुस्तकात या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत येतात, पावलांना त्या एकाच चालीत भेटतात. माथ्यावर आर्चबिशपचा वाडा, पूर्वेच्या उतारावर मारुती, उत्तरेला चर्च. कुणाला कुठली उंची मिळाली आणि कधी मिळाली, हे चढताना विचारावंच लागतं. रस्त्यांची नावंही घ्या. फोंतेन्हासमधला एक रस्ता 31 जानेवारीच्या नावाचा आहे. 1891 मध्ये त्या दिवशी पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात राजेशाहीविरुद्ध फसलेला उठाव झाला होता. टेकडीच्या पलीकडे, बाजारपेठेतून, 18 जून रस्ता जातो. 1946 मध्ये त्या दिवशी राममनोहर लोहियांनी मडगावला पोर्तुगीज सत्तेला आव्हान दिलं. आधीची तारीख राज्यकर्त्यांच्या देशातल्या प्रजासत्ताकवाद्यांची, नंतरची त्याच देशाच्या वसाहतीतल्या स्वातंत्र्याची. 19 डिसेंबर 1961 नंतर पणजीनं नवी नावं दिली आणि काही जुनी ठेवली. ओर्ताच्या नावाच्या बागेत जो उंच खांब आहे, त्यावर पूर्वी वास्को द गामाचा अर्धपुतळा होता, आता सिंहमुद्रा आहे. खांब तोच ठेवून वरचं बदलणं, हा त्या शहराचा स्वभाव आहे असं मला वाटतं. आणि आदिलशहाच्या वाड्याशेजारी 1945 चा एक पुतळा आहे, कांदोळीला जन्मलेल्या आबे फारियांचा. संमोहनाचा अभ्यास करणारे ते पाद्री. एका गोवेकराचा पुतळा पोर्तुगीज काळातच तिथं उभा राहिला, हेही हळव्या गोष्टीत बसत नाही आणि कडू गोष्टीतही बसत नाही.

तात्या : बरं. पण ज्याचे गुडघे गेलेत त्यानं काय करायचं? आपल्याकडे साठी ओलांडली की निम्म्या लोकांना जिना नकोसा होतो. दमट हवा, ऊन, तुटके पदपथ. तुझ्या म्हणण्याप्रमाणे त्यांना पणजी कधी कळणारच नाही. हा न्याय झाला का?

पुतणी : नाही झाला. जो चढू शकत नाही त्याला हे शहर पुरतं कळणार नाही, असं म्हणण्याचा हक्क मला नाही. पण उलट बाजूनं बघा. सेंट थॉमस, फोंतेन्हास, खाडीकाठ आणि पाटोच्या पुलापर्यंतचा भाग जवळजवळ सपाट आहे. नदीकाठचा मार्गही सपाट. अडचण गुडघ्यांपेक्षा रस्त्यांची जास्त आहे. स्मार्ट सिटीच्या कामांत पणजीचे रस्ते वर्षानुवर्षं खोदलेले राहिले आणि सगळ्यात जास्त हाल झाले ते पायी चालणाऱ्यांचे. चाळीसेक हजार वस्तीचं शहर आहे ते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाता येईल एवढं. तिथंही गाड्या उभ्या करण्याची चिंता आधी आणि पदपथाची मागून. शहर पायांनी कळतं हे मान्य केलं, तर पहिला हट्ट धरायला हवा तो जिन्याला कठडा आणि चढावर बसायला बाक असावेत याचा. माथ्यापर्यंत गाडीनं जावं आणि मळ्याकडे सावकाश उतरावं, याला माझी काही हरकत नाही. उतारही चढाइतकंच सांगतो.

तात्या : आता शेवटची गोष्ट, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पालखी बावड्यात येते तेव्हा आपण दारं उघडतो, पाणी देतो, जेवायला घालतो. वर्षातून एकदा येते, दिंडीला क्रम असतो, चोपदार असतो, आणि आलेला माणूस आपल्या दारात उभं राहून आपल्या भिंतीचं कौतुक करत नाही. फोंतेन्हासमध्ये लोकांनी घरांवर छायाचित्रं काढू नका अशा पाट्या लावल्यात, असं वाचलंय. त्यांच्या ओसरीवर, त्यांच्या पायऱ्यांवर रोज अनोळखी माणसं बसतात. लग्नाआधीची छायाचित्रं काढायला येतात. जुन्या घरांची हॉटेलं होतात. तू म्हणतेस चाला. मी म्हणतो, तुमचं चालणंच तिथल्या माणसाला नकोसं झालंय. ज्याची जागा आहे त्याला त्रास देऊन मिळवलेलं कळणं काय कामाचं?

पुतणी : या शंकेला मी पुरतं उत्तर देऊ शकत नाही. जेवढं देऊ शकते तेवढं देते. त्रास होतो तो बहुतेक एकाच गल्लीत, आणि तो थांबणाऱ्यांचा होतो. शहर म्हणजे ती गल्ली, असं जाहिरातींनी, सिनेमांनी आणि मोबाइलनं ठरवून टाकलं. सगळी गर्दी तिथं कोंबली जाते. मळा, आल्तिनोचा उतार, सेंट थॉमस, सांतिनेजची खाडी, रायबंदरचा बांधरस्ता, इकडे कुणी वळत नाही. सलग चालण्याची सवय असती, तर फोंतेन्हास वाटेतला एक भाग राहिला असता, मुक्काम झाला नसता. म्हणून मी तिथं चालायला सांगते, पण थांबायला नाही. पाटी असलेल्या घरासमोर तर मुळीच नाही. भिंतीचा रंग बघायला डोळे पुरतात. तिच्यासमोर अर्धा तास उभं राहिल्यानं तो जास्त कळत नाही. तुमच्या दिंडीच्या क्रमाचा मुद्दा मात्र मला शिकण्यासारखा वाटतो. वाटेनं जाणाऱ्याचे नियम गावाला ठाऊक असतात आणि जाणाऱ्यालाही, म्हणून दारं उघडी राहतात. पणजीत असे नियम कुणी घालून दिलेले नाहीत. ते तिथं राहणाऱ्यांनी ठरवायला हवेत आणि आपण पाळायला हवेत. सकाळी किती वाजल्यापुढे, किती जणांच्या गटानं, कुठल्या पायऱ्या सोडून, हे त्यांनी सांगावं.

तात्या : आणि घरांची हॉटेलं होणं? नियमानं तेही थांबेल?

पुतणी : नाही थांबणार. पायवाट बदलल्यानं जमिनीचा भाव बदलत नाही. ज्या घरात भाऊबंद वाटणीला आलेत आणि निम्मे परदेशात आहेत, ते घर विकायचं की पोसायचं, हे कुठलाही चालणारा ठरवू शकत नाही. दरवर्षी भिंतीला चुना द्यायचा तर पैसा लागतो, चुन्याचं काम जाणणारा गवंडी लागतो, आणि घरात राहणारं माणूस लागतं. पहिल्या दोन गोष्टींत महापालिका आणि सरकार मदत करू शकतं. गोवा सरकारनं आणि महापालिकेनं राहत्या घरांना दुरुस्तीसाठी ठरलेली रक्कम द्यावी, आणि ती हॉटेल न केलेल्या घरांना आधी द्यावी, असं माझं मत आहे. तिसऱ्या गोष्टीबद्दल तुमची काळजी खरी आहे, तात्या, आणि ती मी माझ्या बाजूनं वजा करून टाकू शकत नाही.